शिकवणी केंद्रांवरचा आक्षेप गैरलागू



विद्यापीठांतील शिकवणी केंद्रांमुळे प्राध्यापक आळशी होतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डिआना मार्टिन यांनी १९७३ साली सुरू केलेली पद्धत पाहावी. तिथे कच्ची मुले वेगळी काढत नाहीत. ज्या विषयात पुष्कळजण नापास होतात, तो विषयच निवडतात. त्यात चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी पुन्हा त्या वर्गात बसतो, टिपणे काढतो आणि नंतर गटाचा अभ्यास घेतो. तयार उत्तरे देत नाही, मुलांकडूनच काढून घेतो. वर्ग नेमका कुठे अडला, हे प्राध्यापकांना परीक्षेआधीच कळू शकते. भरगच्च वर्गापुढे एकट्याने उभ्या असलेल्या शिक्षकाला ही केवढी मदत! शिवाय हजेरीची सक्ती नसते आणि हुशार मुलेही येतात, त्यामुळे कुणावर ‘ढ’ असा शिक्का बसत नाही.

— एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे