नैमित्तिकाची नालस्ती

गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर होय, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत या नाटककाराने आपल्या निंदकांना बजावले आहे की काळाला अंत नाही आणि पृथ्वी विशाल आहे, तेव्हा समानधर्मा आज ना उद्या कोठेतरी जन्माला येईलच. मराठी समीक्षेने हा बाणा सर्व लेखनाची कसोटी म्हणून स्वीकारला आहे. जे लेखन निरवधी काळाला उद्देशून केले जाते ते वाङ्मय. जे या आठवड्यात, या प्रश्नावर, या वाचकाला उद्देशून लिहिले जाते ते ‘नैमित्तिक’ आणि म्हणून दुय्यम. पत्र, स्फुट, जाहीर निवेदन, चोपडे, सदर, प्रत्युत्तर आणि आता संगणकाच्या पडद्यावर दिनांकासह प्रसिद्ध होणारे टिपण, या सर्वांची बोळवण या एका विशेषणाने होते.

त्याच जिल्ह्यातील दवनीवाडा या गावाचा विचार करून पाहावा. तेथील एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने धानाच्या थकलेल्या चुकाऱ्यांसंबंधी तहसीलदाराला दिली जाणारी निवेदने, जिल्हा वृत्तपत्रांत येणारी वाचकांची पत्रे आणि गावकऱ्यांनी स्वतः लिहून प्रसृत केलेली टिपणे यांच्या युक्तिवादपद्धतीवर प्रबंध लिहायचे ठरवले, तर त्याला कोणते उत्तर मिळेल? हा विषय ‘साहित्या’त बसत नाही, तो समाजशास्त्राकडे किंवा वृत्तपत्रविद्येकडे न्यावा. आणि त्याने फारच आग्रह धरला तर एक तडजोड सुचवली जाईल: या लेखनातील ‘लालित्य’ शोधावे, म्हणी-वाक्प्रचार मोजावेत, प्रतिमांचे वर्गीकरण करावे आणि शीर्षकाच्या शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ असे जोडावे. पहिल्या उत्तरात निदान प्रामाणिकपणा आहे. दुसरे अधिक घातक आहे, कारण त्यात अभ्यासाला परवानगी मिळते, पण अभ्यासविषय नाहीसा केला जातो.

या गोंधळाचे मूळ एका पारिभाषिक अपघातात आहे. ‘ऱ्हेटरिक’ या संज्ञेला मराठीत कधी वक्तृत्वशास्त्र तर कधी अलंकारशास्त्र म्हटले गेले. पहिल्या पर्यायाने ती व्यासपीठापुरती उरली. दुसऱ्याने ती उपमा-उत्प्रेक्षांच्या कोष्टकात शिरली. ॲरिस्टॉटलच्या लेखी मात्र ती दिलेल्या प्रसंगी मन वळवण्याची कोणती साधने उपलब्ध आहेत हे ओळखण्याची शक्ती होती. तिचे क्षेत्र न्यायसभा, लोकसभा आणि समारंभ हे होते; म्हणजे ती मुळातच नैमित्तिकाची विद्या होती. लॉइड बिट्झर यांनी 1968 मध्ये निकड, श्रोते आणि मर्यादा या तीन घटकांनी तिच्या ‘परिस्थिती’ची मांडणी केली, कॅरोलिन मिलर यांनी 1984 मध्ये वाङ्मयप्रकार म्हणजे रूपाचा साचा नसून वारंवार उद्भवणाऱ्या परिस्थितीत केलेली सामाजिक कृती होय, असे प्रतिपादन केले. या मांडण्यांचा मराठीला होणारा उपयोग परकी नावे उद्‌धृत करण्याचा नाही. त्यांच्यामुळे मराठी गद्याच्या इतिहासातील एक ढळढळीत विसंगती दिसू लागते.

विसंगती अशी की आधुनिक मराठी गद्याचा पायाच नैमित्तिक आहे. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ 1848 ते 1850 या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात टोपणनावाने आली. ती 108 पत्रे होती, निबंध नव्हते. त्यांतील पुनरुक्ती, त्रागा आणि वाचकाला थेट बोल लावणे हे दर आठवड्याला त्याच वाचकासमोर पुन्हा उभे राहणाऱ्या लेखकाचे उपाय होते. ग्रंथबद्ध होताच हे उपाय दोष ठरले, कारण ग्रंथाला पुनरुक्ती खपत नाही. लोकहितवादींवर कठोर टीका करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ तरी काय होती? 1874 पासून एकाच माणसाने चालवलेले, जवळजवळ सर्वस्वी त्यानेच लिहिलेले मासिक. तिचे 84 अंक निघाले. लेखक, संपादक आणि वादी या तिन्ही भूमिका एकाच हाती असल्या की गद्याचा स्वर कसा बदलतो, हा प्रश्न ‘मराठी भाषेचे शिवाजी’ या बिरुदाखाली गाडला गेला. प्रस्थापितांच्या नैमित्तिकाला ‘शैली’ म्हणायचे आणि इतरांच्या नैमित्तिकाला ‘मजकूर’, ही विभागणी वाङ्मयीन नाही. ती सत्तेची आहे.

ज्यांना ग्रंथ उपलब्ध नव्हता त्यांच्या बाबतीत या विभागणीची किंमत कळते. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्याचे आणि त्यावरून वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर उठवलेल्या झोडीचे. मराठी वाचकाला हे पुस्तक पुन्हा मिळण्यासाठी स. गं. मालशे यांच्या 1975 च्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या नऊ दशकांत ते का हरवले, याचे एक उत्तर पुरुषी पूर्वग्रह हे आहेच. पण दुसरे उत्तर समीक्षेच्या पदरात जाते: ते एका चालू वादातील प्रत्युत्तर होते, आणि प्रत्युत्तर ठेवायला वाङ्मयेतिहासात कप्पाच नव्हता. 1885 मध्ये जोतीराव फुले यांनी ग्रंथकार सभेच्या निमंत्रणाला नकार देणारे पत्र पाठवले तेव्हा त्यांनी जे नाकारले ते नेमके हेच होते: बहुजनांच्या हक्कांना जागा नसलेल्या ग्रंथकारांची सभा. ग्रंथकारांना नकार द्यायला त्यांनी ग्रंथ निवडला नाही, पत्र निवडले. ही निवडच त्या पत्राचा अर्धा युक्तिवाद आहे, आणि रूपवादी वाचनाला ती दिसतच नाही.

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. नैमित्तिक लेखन अफाट आहे आणि त्यातील बहुतांश सुमार आहे; सगळ्यालाच अभ्यासविषय मानले तर मूल्यविवेकाचे काय होणार? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. कादंबऱ्याही बहुतांश सुमारच असतात, पण म्हणून कादंबरीचा अभ्यास कोणी सोडलेला नाही. दुसरा भाग मात्र उलटा आहे. मूल्यविवेक लोप पावतो तो ‘लालित्य’ शोधणाऱ्या अभ्यासात, कारण तेथे कामचुकार युक्तिवादही चांगल्या उपमेच्या बळावर उत्तीर्ण होतो. निकड खरी होती की बनावट, प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले की विपर्यस्त केले, वाचकाला शहाणे केले की चेतवले, आणि उत्तर आल्यावर लेखकाने आपली भूमिका तपासली का, या कसोट्या कोणत्याही सौंदर्यवादी निकषांपेक्षा सौम्य नाहीत. कोणालाही मध्यस्थ संपादकाशिवाय जाहीर लिहिता येते अशा काळात तर या कसोट्या न शिकवणे ही शैक्षणिक हयगय आहे.

अशा अभ्यासाची पूर्वअटही साधी आहे. दिनांक पुसायचा नाही. ज्या लेखाला उत्तर दिले तो लेख आणि ज्यांनी पुढे उत्तर दिले ती उत्तरे संहितेच्या बाहेर टाकायची नाहीत. एकटी संहिता म्हणजे टाळीचा एक हात. आणि भाषेच्या थरांकडे कान द्यायचा. दवनीवाड्याच्या परिसरात मराठीला झाडीबोली, पोवारी आणि हिंदी यांचा शेजार आहे. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. तोच बोलणारा निवेदनात मात्र ‘पाणी’ असे लिहितो, कार्यालयीन मराठीचे ‘सविनय सादर’ वापरतो आणि शेवटच्या ओळीत, राग अनावर झाला की, पुन्हा बोलीत उतरतो. त्याला प्रमाणभाषा येत नाही असे म्हणणारा परीक्षक त्या उतरण्यातील नेमकेपणा गमावतो. तहसीलदारापुरती एक भाषा आणि गावापुरती दुसरी, असे दोन श्रोते एकाच कागदावर सांभाळणे हे वक्तृत्वविद्येतील अवघड कामांपैकी एक आहे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्या आनंदात प्राचीनतेचे पुरावे पुन्हा पुन्हा मोजले जातील, आणि ते योग्यच आहे. परंतु हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखातील प्रत्येक अक्षर जपणारी विद्वत्ता कालच्या निवेदनाची प्रत रद्दीत जाऊ देत असेल, तर शिलालेखदेखील आपल्या काळी एक नैमित्तिक जाहीर मजकूरच होता, हे ती विसरते. दान, सीमा, शिक्षा आणि शाप यांचा तो दिनांकित दस्तऐवज होता. पुराणत्व त्याला नंतर मिळाले.

मीमांसकांनी कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले. काम्य कर्म ऐच्छिक आहे. इच्छा नसेल तर ते सोडता येते. नैमित्तिकाचे तसे नाही. निमित्त घडले असता ते न करणाऱ्याला दोष लागतो. मराठी समीक्षेने हा शब्द घेतला, पण त्यातील कर्तव्याचा अर्थ टाकून क्षुद्रतेचा अर्थ भरला. आणि ज्या भवभूतीच्या आधारे निरवधी काळाचा डौल मिरवला जातो, त्याचे ते सुप्रसिद्ध वचन तरी कशासाठी होते? आपल्या काळात, आपली अवहेलना करणाऱ्या विशिष्ट माणसांना दिलेले ते उत्तर होते. निमित्त नसते तर ते लिहिलेही गेले नसते.