देणाऱ्याचं नाव कशाला वाचायचं?

आज एक चूक कबूल करतो आणि त्यावरून माझं मत मांडतो.

बेळगावात आमच्या चर्चचा मी बरीच वर्षं खजिनदार होतो. बँकेतला माणूस, हिशेब उघडा असावा या हट्टानं दर महिन्याला उपासनेनंतर देणगीदारांची नावं आणि रकमा वाचायची पद्धत मीच सुरू केली. देणग्या वाढल्या, मी खूष. पण भाजी विकणारी एक मावशी यायची बंद झाली. घरी गेलो तर म्हणाली, "साहेब, माझं दहा रुपये वाचतासा अन् सगळी मागं वळून बघतात. लाज वाटते बघा."

दुसऱ्या एकानं हंगामाच्या सणाच्या लिलावात ईर्षेनं बोली चढवली. पैसे व्याजानं काढले होते, हे मला मागाहून कळलं.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोघांकडे एकेक. पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा तेच केलं. पैशांबरोबर विश्वासातली माणसं दिली, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे आहे. तिथंच तो म्हणतो की दान आपल्याजवळ आहे त्याप्रमाणे असावं, नाही त्याप्रमाणे नव्हे. म्हणजे कर्ज काढून दान नको. आधी देणेकऱ्याचं फेडा.

येशूनंही दान गुप्तपणे करायला सांगितलं. दोन नाणी टाकणाऱ्या विधवेचं त्यानं कौतुक केलं, पण तिचं नाव शुभवर्तमानात कुठंच नाही.

माझं मत एवढंच. हिशेब द्यायचा तो पैसे सांभाळणाऱ्यानं, देणाऱ्यानं नव्हे. एकूण जमा किती, खर्च कशावर, शिल्लक किती, हे फळ्यावर लावा, ऑडिट करून घ्या. नावं मात्र वहीत राहू द्यात. गणपतीची वर्गणी असो की देवळाचा जीर्णोद्धार, तिथंही हेच लागू पडतं. आणि घरात पगार किंवा पेन्शन आली की द्यायचं ते पहिल्या तारखेलाच बाजूला काढा. उरलंसुरलं द्यायचं म्हटलं की काही उरत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव.

नावं वाचणं आम्ही बंद केलं. मावशी परत आली नाही. पण दर महिन्याला नातवाच्या हाती पाकीट यायचं, वर नाव नसायचं. मीही कधी विचारलं नाही.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? जरूर लिहा.