तेल वर चढले म्हणून पोत गहाण ठेवायची का?



या आठवड्यात एकाच पत्राला सगळी जागा देत आहे. बाकीची पत्रे पुढच्या अंकात घेऊ. हे पत्र चेंबूरच्या एका भगिनीचे आहे. नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे, म्हणून आपण त्यांना नुसते ताई म्हणू.

ताई लिहितात की त्यांचे मालक २०१३ साली आखातात स्कॅफोल्डिंगच्या कामाला गेले होते. २०१६ साली परत आले, ते चार महिन्यांचा पगार तिकडेच सोडून. थोरला मुलगा बावीस वर्षांचा आहे. आयटीआयमधून फिटर झाला आणि आता एका ठेकेदाराकडे हेल्परच्या पगारावर राबतो. आता एक एजंट घरी येऊन सांगून गेला आहे की तेलाची मंदी संपली, भाव परत चढला, तिकडे भरती जोरात आहे, एक लाख चाळीस हजार भरा आणि महिन्यात विमानात बसा. ताईंकडे गळ्यातली पोत आहे, थोडे बचत गटातून मिळेल. मालक नको म्हणतात. मुलगा म्हणतो, "पपांच्या वेळची गोष्ट वेगळी होती." ताई विचारतात, "भाऊ, दोघांपैकी खरे कोणाचे?"

ताई, दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. एजंटाचे मात्र खरे नाही.

आधी मालकांचे काय झाले ते समजून घेऊ. ते आळशी नव्हते की त्यांचे नशीब फुटके नव्हते. २०१४ च्या मध्याला कच्च्या तेलाचे एक पिंप ११० डॉलरच्या वर विकत होते. जानेवारी २०१६ मध्ये तेच ३० डॉलरच्या खाली आले. तेलावर चालणाऱ्या देशांच्या तिजोऱ्या आटल्या, सरकारांनी ठेकेदारांची बिले थांबवली, ठेकेदारांनी मजुरांचे पगार थांबवले. त्या उन्हाळ्यात सौदी अरेबियात आपले हजारो मजूर पगाराविना, जेवणाविना छावण्यांत अडकले होते. भारत सरकारला आपला मंत्री जेद्दाला पाठवावा लागला. यातले बहुतेक लोक विहिरीवर नव्हते, बांधकामावर होते. तेलाचा भाव पडला की सगळ्यात शेवटच्या पायरीवरचा माणूस सगळ्यात आधी पडतो, मग त्याने तेलाचा थेंबही पाहिलेला नसो.

मुलाचे खरे असे की भाव पुन्हा चढतो. २० एप्रिल २०२० रोजी, कोरोनाच्या टाळेबंदीत, अमेरिकेत तेलाचा भाव उणे ३७ डॉलरवर गेला होता. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या! आणि दोनच वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, युक्रेनच्या युद्धाने तोच भाव १३० डॉलरच्या पुढे गेला. हा पाळणा असाच हलत असतो.

पण भाव चढला की दुसऱ्या दिवशी नोकऱ्या निघतात, हे एजंटाचे गणित चूक आहे. भाव चढला की कंपनी आधी कर्ज फेडते, भागधारकांना वाटते. मग मंदीत पुढे ढकललेली दुरुस्ती हाती घेते. प्लांट बंद ठेवून करायचे काम, ज्याला आपली मुले शटडाऊन म्हणतात, ते आधी निघते. त्यात वेल्डर, फिटर, रिगर, ग्राइंडर, स्कॅफोल्डर लागतात, पण महिना-दीड महिन्यासाठी. काम संपले की गेटपास परत. नवी विहीर, नवा प्लांट यांचे निर्णय वर्षावर वर्ष घेतात, आणि माणसे त्यानंतर लागतात. तोवर भाव पुन्हा कुठे गेलेला असतो ते सांगता येत नाही.

शिवाय माणसे पूर्वीइतकी लागतही नाहीत. अमेरिकेत २०१४ च्या अखेरीस १,९०० च्या आसपास ड्रिलिंग रिग चालू होते. मे २०१६ मध्ये ४०४ उरले. पुढे धंदा सावरला. २०२३ साली त्या देशाने त्याआधीच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त तेल काढले, पण कामगार २०१४ पेक्षा कमीच होते. मंदीत कंपन्या कमी माणसांत काम करायला शिकतात आणि तेजी आली तरी ते विसरत नाहीत.

आता आपल्या घरापाशी या. ताईंच्या खिडकीतून माहुलच्या चिमण्या दिसत असतील. तिथले तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ पासून उभे आहेत. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल लागले, १९७६ साली ते निघू लागले, पुढे उरणला प्रकल्प आला. हे सगळे सार्वजनिक क्षेत्र, केंद्राच्या मालकीचे. पण १९९० पर्यंत बौद्ध झालेल्या माणसाला केंद्राच्या नोकरीत अनुसूचित जातीची सवलत नव्हती. राज्यात होती, केंद्रात नव्हती. ज्या वर्षांत या कंपन्यांनी भराभर कायम माणसे घेतली, त्या वर्षांत आपल्या बापजाद्यांना एकतर धर्म लपवावा लागला किंवा दारातून परतावे लागले. १९९० च्या दुरुस्तीने दार उघडले, आणि पुढच्याच वर्षी खाजगीकरणाचे धोरण आले. कायम जागा आटत गेल्या, ठेकेदारी फुगत गेली. आणि राखीव जागा कंपनीच्या भरतीत असते, ठेकेदाराच्या हजेरीपटात नसते.

ठेक्याच्या कामाला मी नावे ठेवत नाही. चूल त्यावर पेटते. पण १७ मे २०२१ ची रात्र विसरू नका. तौक्ते वादळात मुंबई हाय परिसरात पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती, ७० हून अधिक गेली. त्यांत वेल्डर, फिटर, हेल्पर अशी ठेक्यावरची मुले किती होती ते आठवा. समुद्रावर बारा तासांची पाळी असते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली, आणि आपण अजून बारा तासच मोजतो आहोत. असो.

तर ताई, पोत गहाण ठेवू नका. मुलाला सांगा, आखाती कामासाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे भारत सरकारचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे. तुमच्याकडे आलेल्याचा नोंदणी क्रमांक मागा. तो मिळाला तर यादीत पाहा, मिळाला नाही तर चहा देऊन वाटेला लावा. परवानाधारकाने घ्यायची फी नियमाने ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर अशी ठरवलेली आहे. तुमच्याकडे मागितले एक लाख चाळीस हजार. उरलेले कशाचे, ते त्याला लेखी द्यायला सांगा. व्हिसा नोकरीचा असला पाहिजे. फिरायला जाण्याच्या व्हिसावर नेऊन तिथे बदलून देतो, असे म्हणाला तर बोलणे तिथेच थांबवा.

अजून एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. दहावी न झालेल्या मजुराच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का असतो आणि आखातात जाताना त्याचा करार सरकारी कार्यालय तपासते. तुमचा मुलगा दहावी पास, म्हणून तो शिक्का नाही आणि तपासणीही नाही. शिकल्यामुळे मान वाढला, पण सरकारचा पहारा गेला. म्हणून करार त्याने स्वतः वाचायचा, किंवा विहारात एखादा इंग्रजी जाणणारा असेल त्याच्याकडून वाचून घ्यायचा. मूळ पगार किती, जादा कामाचे किती, जेवण-राहणे कोणाकडे, परतीचे तिकीट कोणाचे, एवढे तरी त्यात दिसलेच पाहिजे.

आणि इथे काय करायचे? बावीस वर्षे म्हणजे अप्रेंटिसशिपचे वय आहे. तेल कंपन्या दरवर्षी आयटीआयवाल्यांना घेतात. वयाची अट साधारण १८ ते २४, आणि आपल्याला पाच वर्षे सूट. अप्रेंटिस झाला म्हणजे नोकरी लागली, असे नाही, ते मी आधीच सांगतो. पण त्या प्रमाणपत्रावर हेल्परचा फिटर होतो, आणि शटडाऊनला हजेरी वेगळी लागते. अर्जाआधी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवा. त्यात मूळ जातीचे नाव लागते, नुसते बौद्ध लिहिलेला कागद तिथे चालत नाही. जाहिरात निघाल्यावर तहसीलदार कचेरीत धावणारी आपली किती मुले शेवटच्या तारखेला मुकली, ते मी पाहिले आहे. सध्याच्या ठेकेदाराकडून पीएफचा यूएएन क्रमांक आणि अनुभवाचा दाखला मागून घ्या. मंदी आली की ठेकेदार पळतो आणि दाखला त्याच्याबरोबर जातो.

ताईंनी पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे, "धाकटी मुलगी दहावीला ७१ टक्के, विज्ञान-गणितात चांगली, तिचे लग्न दोन वर्षांत करू." ताई, तुम्ही विचारले नाही तरी सांगतो. आयटीआयमध्ये अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट आणि लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लांट असे दोन ट्रेड आहेत. दोन्ही दोन वर्षांचे, दहावीला विज्ञान-गणित असले की चालते. प्लांट चालवणारे आणि तपासणारे हात तेथून येतात, आणि भाव पडला तरी प्लांट सहसा चालू राहतो. प्रवेशाचे अर्ज निकालानंतर लगेच निघतात. मुलीचा दाखला मुलाच्याच वेळी काढा, एका खेपेत होईल. आणि एजंटाने नोंदणी क्रमांक दिला की नाही, ते मला कळवा.