बंद घराची चावी द्या, पावसाच्या आत

फेब्रुवारी उजाडला की सह्याद्रीचे डोंगर जळू लागतात. पोलादपूर-महाडपासून लांजा-राजापूरपर्यंत आणि वर घाटमाथ्यावर जावळी-पाटणकडे, रात्रीच्या एस.टी.तून डोंगरावर लाल रेघ दिसते, कुणीतरी ‘वणवा लागलाय’ म्हणतो आणि पुन्हा डोळे मिटतो. यातले बहुतेक वणवे डोंगरावरच विझतात. एखादा मात्र वाऱ्याबरोबर खाली उतरतो. आधी काजूची बाग घेतो, मग बागेच्या कडेची पेंढ्याची उडवी, उडवीला लागून गोठा आणि गोठ्याला लागून घर. हे आवाहन त्या घरातल्या माणसांसाठी आहे. ते सरकारला उद्देशून नाही, तुम्हाला उद्देशून आहे. आणि गावच्या घराला वर्षातले दहा-अकरा महिने कुलूप लावून मुंबई-पुण्याला राहणाऱ्यांना सगळ्यात आधी.

घाई कशाची, ते सांगतो. मार्च-एप्रिल म्हणजे कोकणातले घर सगळ्यात भरलेले असण्याचे दिवस. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी सुरू झालेली असते. कणगीत वर्षाचे भात, माळ्यावर पावसाळ्याची लाकडे, शेणी, गुरांचा पेंढा, कुठे सुकी मासळी. घर रिकामे असते तर छप्पर गेले असते. या दिवसांत लागलेली आग छपराबरोबर पुढचे वर्षही नेते. आणि मागे पाऊस उभाच असतो. दक्षिण कोकणात तो जूनच्या पहिल्या आठवड्यात यायचा अशी आपली धारणा. २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला. एप्रिलच्या शेवटी जळालेल्या घराला हातात महिना मिळतो, कधी तोही पुरा नाही. उघड्या पडलेल्या मातीच्या भिंती पहिल्या दोन पावसांत बसतात. मग प्रश्न छपराचा राहत नाही, जोत्यापासून घर बांधायचा होतो.

त्या महिन्यात कुटुंब राहते कुठे? पहिल्या रात्री जिल्हा परिषदेची शाळा उघडून देतात, ते बरे आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टीही असते. पण जूनच्या मध्याला शाळा भरते, म्हणजे ऐन पावसात तिथून उठायचे. नातेवाईक नेतात चार दिवस. पुढे कुणालाच झेपत नाही. आणि दूर नेऊन उपयोगही नसतो, कारण वाचलेली गुरे इथेच असतात. जळक्या गोठ्याशेजारी ताडपत्री बांधून लोक झोपतात, त्याला आपण हट्ट म्हणतो. दावणीला म्हैस असलेल्या माणसाला तालुक्याच्या गावात खोली देऊन भागत नाही. त्याला त्याच वाडीत, फार तर शेजारच्या वाडीत घर हवे.

ते घर असते. गणपती आणि शिमग्याला उघडणारी कुलूपबंद घरे कोकणात नसलेली वाडी शोधून काढावी लागेल. छप्पर शाबूत, विहीर शेजारी, मीटर लावलेला. नसते फक्त मालकाची परवानगी, आणि ती नसण्याची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. घर सामाईक असते; एका भावाने हो म्हटले तर दुसरा विचारतो, तू कोण देणारा. शिवाय एकदा आत आलेला माणूस बाहेर निघेल का, ही भीती. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, भाऊबंदकी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण तिला साधा उपाय आहे. लेखी करा. घर अमुक तारखेपासून दिवाळीपर्यंत, विनामोबदला, केवळ तात्पुरत्या राहण्यासाठी दिले आहे, त्यातून कोणताही हक्क निर्माण होत नाही, असे लिहून सर्व भावंडांच्या आणि राहणाऱ्याच्या सह्या, साक्षीला पोलीस पाटील आणि सरपंच. ओळखीच्या वकिलाच्या नजरेखालून घातले तर उत्तम. एक खोली कुलूप लावून स्वतःच्या सामानासाठी ठेवा. गणपतीला आलात तर पडवीत राहणाऱ्या कुटुंबाचीही पाने मांडा. बंद घराला लागलेली वाळवी वेळेवर कळत नाही, राहत्या घरात कळते, हा हिशेबही मनात धरायला हरकत नाही.

आता वाडीत राहणाऱ्यांसाठी. आग विझल्यावर चांगल्या मनाची माणसे पहिली चूक करतात ती ही, की सगळे मिळून जागा साफ करतात. पंचनामा होईपर्यंत राखेला हात लावू नका. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, येऊन पाहून लिहितील त्यावर पुढची मदत ठरते. राख झाडून सारवलेल्या जोत्यावर काय लिहायचे? चारही बाजूंनी फोटो काढा. जळके वासे, भांडी, कणगीच्या जागेवरचे काळे भात, मेलेले जनावर, सगळ्याचे. जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवा, त्यांच्या दाखल्याशिवाय भरपाई हलत नाही.

आणि पंचनामा वाचून मगच सही करा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ साठी ठरलेल्या निकषांत आग ही आपत्ती म्हणून धरलेली आहे. पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगराळ भागात १,३०,०००. घर पक्के असो की कच्चे, रक्कम तीच. पण तेच घर ‘झोपडी’ म्हणून लिहिले गेले तर ८,००० रुपये. कुडाच्या भिंती आणि वर गवत म्हटले की सरसकट झोपडी लिहिण्याचा मोह होतो. जोते होते, मातीच्या भिंती होत्या, घरपट्टी भरली जात होती, हे त्याच वेळी, तिथेच सांगायला हवे. ‘अंशतः नुकसान’ लिहिले तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० मिळतात. छप्पर पूर्ण जाऊन भिंती उभ्या असतील तेव्हा वाद नेमका इथेच होतो. भिंती तडकल्या असतील तर बांधकाम विभागाच्या अभियंत्याला पाहायला लावा. स्लॅबचे घर असेल तर तशीही तपासणी हवीच. तापून फुगलेल्या स्लॅबखाली पोरे झोपवू नका.

कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी प्रत्येकी २,५०० रुपये, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००, दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळीला ४,०००. हे आकडे पाठ करून ठेवण्याजोगे आहेत, कारण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. एक अट मात्र टोचते. घर अधिकृत बांधकाम असले पाहिजे. कातकरी वाडीतले घर खासगी मालकाच्या जागेवर, धनगरवाड्यातले घर वनखात्याच्या हद्दीत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद नाही, म्हणून सगळ्यात गरिबाचे घर कागदावर जळतच नाही. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीने ठराव करून द्यावा, मतदार यादी, रेशनकार्ड, वीजबिल, वनहक्काचा दावा, जे असेल ते जोडावे आणि तहसीलदारांकडून लेखी उत्तर मागावे. तोंडी नकार घेऊन परत येऊ नये. पुढे कुठेही दाद मागायची तर हातात कागद लागतो.

कागदांचेच आणखी थोडे. घराबरोबर आधार, रेशनकार्ड, पासबुक सगळे गेलेले असते आणि मदत तर बँक खात्यातच जमा होते. ही सगळी कागदपत्रे पुन्हा मिळतात. सातबारा आणि आधार तर मोबाइलवरही. पण साठीच्या बाईला हे कोण करून देणार? वाडीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनो, दोन दिवस द्या. तिच्याबरोबर तहसील कचेरीत बसा, अर्जाची पोच घ्या, पोचेचा फोटो काढून ठेवा. दहावी-बारावीची परीक्षा याच दिवसांत असते. प्रवेशपत्र जळाले म्हणून पोरगे पेपरला गेले नाही असे होऊ नये, शाळेतून दुसरे मिळते. जळक्या नोटा फेकू नका. अगदी कोळसा झालेल्या नोटा गावची बँक बदलून देत नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात त्या तपासून नियमाप्रमाणे रक्कम देतात. तुकडे सुटे न करता जसे आहेत तसे डब्यात ठेवा. पंचनाम्यानंतर राख चाळणीने चाळा, सोन्याचे वितळलेले मणी सापडतात. घरातल्या बायकांनाच चाळू द्या, कुठे काय ठेवले होते ते त्यांना माहीत असते.

मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांना हात जोडून विनंती, जुन्या साड्यांची गाठोडी पाठवू नका. गावात त्यांचा ढीग पडतो आणि वापरायला योग्य असे त्यात फार थोडे निघते. पत्रे पाठवा. रीप, वासे, खिळे, मजबूत ताडपत्री, दोन मोठी पातेली, पाण्याचे पिंप, गॅसची शेगडी, बॅटरी. पुढच्या पेरणीसाठी भाताचे बियाणे, कारण कणगीबरोबर तेही गेले. सुताराची मजुरी मंडळाने परस्पर द्यावी. छपराचे काम पैशाअभावी कमी आणि सुतार न मिळाल्यामुळे जास्त अडते, मे महिन्यात सगळ्या गावाला तोच हवा असतो. त्याने जळालेले घर आधी हातात घ्यावे, एवढे तरी गावकीने ठरवता येईल. सरकारी रक्कम येईल तेव्हा येईल, पाऊस तिच्यासाठी थांबत नाही.

ज्यांना परवडते त्यांनी घराचा विमा उतरवावा. विमा नियामकाने एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यायला लावली आहे, तिच्यात जंगलातून आलेली आगही धरली आहे. कर्ज काढून घर बांधणाऱ्यांच्या गळ्यात बँकेने बऱ्याचदा विमा घातलेला असतो, फक्त त्यांना तो आठवत नाही. बँकेत जाऊन विचारा.

वणवा लागतो कसा, हे या लेखाचे काम नाही. भाजावळीतून सुटलेली ठिणगी, चांगले गवत येईल म्हणून मुद्दाम लावलेली काडी, लोंबणाऱ्या वीजतारा, फेकलेली विडी, सगळे आपल्या ओळखीचे आहे. तारेचा संशय असेल तर पंचनाम्यात तसे नमूद करून घ्या आणि वीज कंपनीला वेगळा अर्ज द्या. डोंगरावर धूर दिसला तर वनविभागाचा १९२६ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक फुकट लागतात.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवर आग उतरली, सोळा हजारांवर इमारती गेल्या, आणि आपण रात्री जागून ती दृश्ये पाहिली, तिथल्या ओळखीच्यांना निरोप धाडले. चांगलेच केले. आपल्या डोंगराखाली एका वेळी एखादे-दुसरे घर जळते. त्याची बातमी तालुक्याच्या पानावर चार ओळींची येते, म्हणून त्या घराला मुंबईहून फोन जात नाही.

तर, ज्यांचे गावी बंद घर आहे त्यांनी वणव्याची बातमी यायची वाट न पाहता याच आठवड्यात भावंडांशी बोलून ठेवावे आणि एक चावी गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे द्यावी. आपल्या वाडीत किंवा शेजारच्या वाडीत घर जळाले, तर ती कुणाला द्यायची हेही त्याला आत्ताच सांगून ठेवा.