विश्लेषण : मोपाहून कळंगुटला शटल बस नेमकी कोणाच्या सोयीची?

विमानाचे तिकीट सवलतीत मिळते, हॉटेल महिनाभर आधी ठरते. पण विमानतळाच्या दारापासून किनाऱ्यापर्यंतचे तीस-पस्तीस किलोमीटर गोव्याच्या सहलीतले सर्वांत महाग किलोमीटर ठरतात. टॅक्सीच्या भाड्यावरून वाद झाला की ‘शटल बस आहे ना, तिने जा’ असा सल्ला मिळतो. बस खरोखरच आहे आणि ती स्वस्तही आहे. तरीही आगमन कक्षातून बाहेर पडलेली बहुतेक कुटुंबे टॅक्सीच्या खिडकीकडेच का वळतात, याचे उत्तर पर्यटकांच्या चैनीत शोधण्यापेक्षा साध्या बेरीज-वजाबाकीत आणि परवान्याच्या नियमांत शोधायला हवे.

शटल म्हणजे नेमके काय?

टॅक्सीवाला अख्खी गाडी विकतो, शटलवाला एक आसन विकतो. मूळ फरक एवढाच. मात्र या शब्दाखाली दोन वेगळ्या सेवा खपतात. पहिली म्हणजे ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या थांब्यांवर जाणारी बस. गोव्यात कदंब परिवहन महामंडळ विमानतळावरून पणजी, मडगाव, कळंगुट अशा ठिकाणी चालवते ती ही. दुसरी म्हणजे सात-आठ प्रवासी जमले की निघणारी आणि प्रत्येकाला त्याच्या हॉटेलच्या दारात सोडणारी सामायिक गाडी. परदेशातल्या किनारी शहरांत ‘शेअर्ड शटल’ म्हटले की हीच डोळ्यांसमोर येते.

पुणेकरांना हा दुसरा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. मुंबईचे आंतरराष्ट्रीय विमान पकडायचे, तर घराखालून उचलणारी शेअर कॅब ठरवायची, ती आणखी दोन-तीन घरांसमोर थांबते, आपण मनातल्या मनात घड्याळ बघत बसतो आणि शेवटी वेळेत पोहोचतो. पूर्ण गाडीचे पैसे भरावे लागत नाहीत, त्यामुळे अर्धा तास जास्त गेला तरी कोणी तक्रार करत नाही. गोव्यात नेमकी हीच मधली पायरी गाळलेली आहे. एका टोकाला बस, दुसऱ्या टोकाला पूर्ण टॅक्सी.

आधी कोणता विमानतळ ते पाहा

गोव्यात दोन विमानतळ आहेत आणि तिकिटावर दोन्हींच्या नावात ‘गोवा’ असते. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याचा संकेत ‘जीओएक्स’. वास्कोजवळचे दाबोळी हे नौदलाच्या तळावरचे जुने विमानतळ. त्याचा संकेत ‘जीओआय’. दोहोंमध्ये रस्त्याने सुमारे ६० किलोमीटरचे अंतर आहे. कळंगुट, बागा, कांदोळी, मोरजी, हरमल येथे जाणाऱ्यांना मोपा सोयीचे, तर कोलवा, बाणावलीला जाणाऱ्यांना दाबोळी. काणकोणच्या पाळोळे किनाऱ्यावर मुक्काम असलेल्याने मोपाचे तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त म्हणून घेतले, तर पुढे जवळपास शंभर किलोमीटरचा रस्ता त्याची वाट पाहत असतो. कोणतेही शटल ही चूक स्वस्तात दुरुस्त करू शकत नाही.

दोघांचा हिशेब वेगळा, चौघांचा वेगळा

पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतलेले आहेत. हंगामानुसार आणि दरपत्रकानुसार ते बदलतात. समजा, मोपाहून कळंगुटपर्यंत बसचे भाडे माणशी २५० रुपये आणि टॅक्सीचे १६०० रुपये. एकटा प्रवासी बसने १३५० रुपये वाचवतो. जोडपे ११०० वाचवते. चौघांच्या कुटुंबाला बसचे १००० रुपये पडतात, म्हणजे बचत उरते ६०० रुपयांची. आता बस कळंगुटच्या थांब्यावर सोडते. हॉटेल तिथून दीड-दोन किलोमीटर आत आहे. बरोबर दोन मोठ्या बॅगा, एक झोपलेले मूल आणि गुडघे दुखणारी आजी. तिथे गावातली टॅक्सी करावीच लागते आणि तिचे ३०० रुपये धरले, तर शिल्लक राहतात ३००. या ३०० रुपयांसाठी बसची वाट पाहणे, सामान चढवणे-उतरवणे आणि अनोळखी नाक्यावर उभे राहणे कोण पत्करेल?

एकट्या प्रवाशाला गोव्याचा ‘पायलट’, म्हणजे पिवळ्या-काळ्या रंगाची मोटारसायकल टॅक्सी, शेवटच्या दोन किलोमीटरला उपयोगी पडते. पाठीवर पिशवी असलेल्या तरुणाचे त्यात भागते, चौघांच्या कुटुंबाचे नाही.

म्हणून ‘बस रिकामी धावते, पर्यटकांनाच टॅक्सी हवी’ हा निष्कर्ष अर्धवट आहे. आजची बस एकट्यादुकट्याला आणि विमानतळावर नोकरी करणाऱ्या स्थानिकांना फायद्याची आहे. सर्वांत जास्त काटकसर करू पाहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला तिचा फायदा सर्वांत कमी. भाडे आणखी पन्नास रुपयांनी उतरवून हे गणित पालटत नाही. ते पालटेल शेवटचे दोन किलोमीटर सुटले तरच.

विमान उशिरा, बस वेळेवर

एसटीच्या किंवा शहर बसच्या बाबतीत वक्तशीरपणा हा गुण. विमानतळाच्या बसबाबत तोच दोष ठरू शकतो. एक विमान साधारण १८० प्रवासी आणते. अशी तीन विमाने अर्ध्या तासात उतरली, तर पाचशेहून अधिक लोक एकाच वेळी पट्ट्यावरच्या बॅगांकडे पाहत उभे असतात. त्यानंतरचा तासभर कदाचित कोणीच येत नाही. बस मात्र घड्याळाप्रमाणे सुटते. कधी भरून वाहते, कधी रिकामी निघते.

बस तासाला एक असेल आणि विमान वीस मिनिटे उशिरा आले, तर प्रवाशाचा उशीर वीस मिनिटांचा राहत नाही, पुढच्या बसपर्यंतचा होतो. रात्री शेवटची बस हुकली, तर ‘स्वस्त पर्याय’ हा शब्दच निकालात निघतो, कारण परतीचा दुसरा मार्ग नसलेल्या माणसाशी भाड्याची घासाघीस करायची गरज कोणालाच उरत नाही. म्हापशापर्यंत पोहोचून तिथून खासगी लोकल बस पकडण्याचा उपाय दिवसा उत्तम आहे. म्हापसा हे उत्तर गोव्यातील बसचे मोठे केंद्र आहे, तिथून किनाऱ्यावरच्या गावांना गाड्या जातात. पण अंधार पडला की त्या विरळ होतात.

यावरचा उपाय तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. कोणते विमान किती वाजता टेकले, हे विमानतळाच्या फलकावर सर्वांना दिसते. तीच माहिती बसच्या नियंत्रकाकडे जाऊन ‘शेवटचे विमान उतरल्यावर पाऊण तासाने शेवटची बस’ असा नियम करता येतो. वेळापत्रक घड्याळाला बांधण्याऐवजी विमानाला बांधायचे, एवढेच. सॉफ्टवेअरमधले हे काम आठवड्याभराचे आहे. चालकाच्या पाळीचे, जादा तासांचे आणि रिकाम्या फेरीच्या खर्चाचे काय, हा प्रश्न मात्र आठवड्यात सुटणारा नाही.

टॅक्सीवाल्यांचा विरोध कशाला?

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ‘गोवा माइल्स’ ही अ‍ॅप टॅक्सी आली, तेव्हापासून तिच्याविरुद्ध आंदोलने झाली. डिजिटल मीटरचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. समाजमाध्यमांवर याचे वर्णन एका शब्दात होते : माफिया. तो शब्द वापरणे सोपे आहे, पण त्याने काही उलगडत नाही.

मोपाचे पठार रिकामे नव्हते. मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे या परिसरातील लोकांच्या जमिनी विमानतळासाठी गेल्या. धनगर कुटुंबांना वस्ती सोडावी लागली. बदल्यात रोजगार मिळेल, असे सांगण्यात आले. ज्याच्याकडे विमान कंपनीला लागणारे शिक्षण नाही, त्याच्यासाठी रोजगार म्हणजे कर्ज काढून घेतलेली टॅक्सी. तिचा हप्ता बाराही महिने जातो. पर्यटक मात्र डिसेंबरात झुंडीने येतात आणि पावसाळ्यात कमी होतात. दिवसाला दोन-तीन फेऱ्यांवर घर चालवणाऱ्याला प्रत्येक नवी बस आपल्या ताटातला घास वाटते, यात आश्चर्य नाही.

तरीही दुसरी बाजू तितकीच खरी आहे. ठरलेले दर न पाळणे, दुसऱ्याची गाडी अडवणे, पाहुण्याला मित्राच्या गाडीत बसण्यापासून रोखणे, यांना उपजीविकेचे नाव देता येत नाही. सरकारने दोन्ही बाजूंना एकाच वेळी आश्वासने दिली आणि दर वेळी आंदोलनाचा जोर पाहून निर्णय पुढे ढकलला. त्यातून ना चालकाला स्थैर्य मिळाले, ना प्रवाशाला भरवशाचा दर.

इतर किनारी शहरांत काय होते?

मराठी पर्यटकांच्या ओळखीचे उदाहरण थायलंडमधील फुकेतचे. तिथल्या विमानतळापासून पातोंग किनारा साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, जेवढे मोपापासून कळंगुट. तिथे सरळ किनाऱ्याने जाणारी बस आहे आणि शिवाय हॉटेलपर्यंत नेणाऱ्या सामायिक मिनीव्हॅनही आहेत. टॅक्सीवाल्यांच्या दादागिरीसाठी फुकेतही बदनाम होते. २०१४ मध्ये लष्करी राजवटीने तिथे कारवाई केली. मिनीव्हॅनचा स्वतःचा उपद्रव असतोच. वाटेत एखाद्या ट्रॅव्हल एजंटच्या कार्यालयासमोर गाडी थांबते, ‘कोणते हॉटेल?’ विचारता विचारता बेटांच्या सहली विकल्या जातात. शेवटच्या हॉटेलवाल्याला सगळ्या गावाची प्रदक्षिणा घडते. पण हा त्रास वेळेचा आहे, खिशाचा नाही, आणि तो सोसायचा की नाही हे प्रवासी स्वतः ठरवतो.

मेक्सिकोतील कानकुनला बस आणि सामायिक व्हॅन दोन्ही रुळलेल्या आहेत. तरी जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या टॅक्सी संघटना आणि अ‍ॅप टॅक्सी यांच्यातील संघर्ष इतका पेटला की अमेरिकी दूतावासाने आपल्या नागरिकांना सावधगिरीचा इशारा दिला. म्हणजे शटल आले की टॅक्सीचा वाद आपोआप मिटतो, असे नाही. फक्त त्या वादात प्रवासी ओलीस राहत नाही.

कायदा आडवा येतो का?

इथे एक गैरसमज आहे. ‘टॅक्सीत वेगवेगळे प्रवासी बसवून वेगवेगळे भाडे घेणे बेकायदा’ असे सर्रास सांगितले जाते. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये प्रवासी गाड्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. टप्पा वाहतूक, म्हणजे मार्गावर चढ-उतार करत प्रत्येकाकडून स्वतंत्र भाडे घेणारी बस. आणि कंत्राटी वाहतूक, म्हणजे संपूर्ण गाडीचा करार. खासगी बसवाल्याने टप्पा वाहतुकीचा परवाना नसताना थांब्याथांब्यावर माणसे घेतली, तर ते नियमबाह्य ठरते. पण कंत्राटी वाहतुकीच्या व्याख्येतच एक सोय आहे : सहापर्यंत प्रवासी नेणारी टॅक्सी, प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरी, कंत्राटी वाहनच मानली जाते. मुंबईत सीएसएमटी किंवा चर्चगेटबाहेर ‘एक सीट, एक सीट’ ओरडत भरणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी आपण रोज पाहतो. तिथे माणशी दर परिवहन प्राधिकरण ठरवते.

मग मोपाला हे का होऊ नये? टॅक्सीची खिडकी आहेच. त्याच खिडकीवर ‘कळंगुट-बागा, माणशी इतके’, ‘मोरजी-हरमल, माणशी इतके’ अशी दुसरी पाटी लावता येईल. चार आसने भरली की गाडी निघेल, प्रत्येकाला दारात सोडेल. वरच्याच उदाहरणात माणशी ४५० रुपये धरले, तर चालकाला १६०० ऐवजी १८०० मिळतात आणि एकट्या प्रवाशाचे ११५० रुपये वाचतात. चौघांचे कुटुंब पूर्ण गाडीच करेल. त्यांना किमान जाहीर दराची हमी हवी. गाडी स्थानिकाचीच, रांगही त्याच संघटनेची. बाहेरची कंपनी नको, हा आक्षेपही उरत नाही. आमच्या मते बसच्या फेऱ्या वाढवण्याआधी हा प्रयोग एका मार्गावर, एका हंगामापुरता करून पाहायला हरकत नाही. अडचण येईल ती आसने भरेपर्यंत किती वेळ थांबायचे याची. वीस मिनिटांची मर्यादा घातली आणि रिकाम्या आसनाचा तोटा कोणी सोसायचा हे आधी ठरवले, तर भांडणे कमी होतील.

सीमेपलीकडच्यांचे काय?

मोपा महाराष्ट्राच्या सीमेला खेटून आहे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, शिरोडा, वेंगुर्ले येथील लोकांना हेच जवळचे मोठे विमानतळ. चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले, पण तिथली विमाने मोजकीच. त्यामुळे मालवण-तारकर्लीला जाणारे पर्यटकही मोपाला उतरतात आणि तिथून त्यांना खासगी गाडीशिवाय सोयीचे साधन शोधावे लागते. दुसऱ्या राज्यात बस न्यायची, तर दोन राज्यांतील करार आणि परवान्यावर प्रतिस्वाक्षरी लागते. एसटी आणि कदंबच्या आंतरराज्य गाड्या अशा करारांवरच वर्षानुवर्षे धावत आहेत. त्यातली एखादी महामार्ग सोडून धारगळच्या जोडरस्त्याने विमानतळावर वळवणे, हा दोन महामंडळांमधील पत्रव्यवहाराचा विषय आहे. सिंधुदुर्गातील लोकप्रतिनिधींनी चिपीच्या विमानांइतकाच आग्रह यासाठीही धरायला हवा.

तोपर्यंत प्रवाशाने काय करावे?

तिकीट काढण्यापूर्वी संकेत पाहावा : जीओएक्स की जीओआय. कदंबच्या त्या दिवशीच्या वेळा आणि शेवटची फेरी विमानात बसण्याआधीच तपासावी. शेवटच्या फेरीच्या तासभर आधी विमान उतरणार नसेल, तर बसच्या भरवशावर राहू नये. हॉटेलला फोन करून थांब्यापासूनचे अंतर विचारावे; लहान अतिथीगृहे पुष्कळदा थांब्यावर स्कूटर किंवा गाडी पाठवतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. टॅक्सी खिडकीवरूनच घ्यावी आणि पावती जपून ठेवावी, तक्रार करायची वेळ आली तर तीच कामी येते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात परतीच्या प्रवासाला एरवीपेक्षा दीड-दोन तास जास्त धरावेत. बागा-कळंगुटच्या अरुंद रस्त्यावर बस आणि टॅक्सी एकाच रांगेत उभ्या असतात.