जुळणीचे औचित्य

मराठी साहित्यव्यवहारात लेखनाच्या साधनांविषयी बोलणे काहीसे हलके मानले जाते. कागद, लेखणी, छापखाना यांचा इतिहास निदान अभ्यासक्रमात कुठेतरी येतो. संगणकाचा मात्र 'मुलांना त्यातले कळते' एवढ्या एका वाक्यात निकाल लागतो. ज्या मुलांना कळते असे आपण म्हणतो, त्यांत साहित्याचे विद्यार्थीही असतात. दिवसा प्रबंध टंकायचा, जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने चाळायची आणि रात्री खेळ खेळायचा, या दोन्हींसाठी त्यांना एकच यंत्र हवे असते. तेही सुटे भाग निवडून स्वतः जुळवलेले. आमच्या करावे गावात, गावठाणातल्या दाटीच्या घरांतून, ही चर्चा आता नवी राहिलेली नाही. आमचे म्हणणे असे की, ही निवड जितकी तांत्रिक आहे तितकीच समीक्षेची आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने ती दुकानदारावर सोपवू नये.

प्रथम 'असेंबल्ड' या शब्दाविषयी. आपल्याकडे तो कमीपणाच्या सुरात उच्चारला जातो. कंपनीचा तो अस्सल, जुळवलेला तो जेमतेम. वास्तविक 'जुळणी' हा आपल्याच क्षेत्रातला शब्द आहे. शिशाचे खिळे जुळवून ओळ उभी करणारा तो जुळारी. अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचे यंत्र उभे केले आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अधिक सामर्थ्याचा क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारल्यानंतर डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यातले ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर बाजारात मिळणारे होते. त्यांना एकत्र काम करायला लावणे हे खरे कर्तृत्व होते. तेव्हा जुळवलेल्या यंत्राला कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न जुळणी चांगली की वाईट, एवढाच.

चांगली जुळणी कशी ओळखावी? अकराव्या शतकात क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहून काव्याला जी कसोटी लावली, ती येथेही उपयोगी पडते. गुण किंवा अलंकार स्वतंत्रपणे श्रेष्ठ नसतो. योग्य स्थानी असला तरच तो शोभतो. 'सर्वांत चांगला प्रोसेसर कोणता?' हा प्रश्न म्हणूनच 'सर्वांत चांगले विशेषण कोणते?' या प्रश्नाइतकाच निरर्थक आहे. एएमडीच्या एएम५ सॉकेटचा प्रोसेसर घेतला की डीडीआर५ रॅम अपरिहार्य होते. जुन्या एएम४ ला डीडीआर४ लागते. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटसाठी दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात, पण दोन्ही प्रकारची रॅम एकाच बोर्डात एका वेळी चालत नाही. एक भाग निवडला की बाकीच्यांचे स्वातंत्र्य तेवढे आक्रसते. वृत्त ठरल्यावर शब्दांचे व्हावे तसे.

या परस्परावलंबनाचा सर्वांत रंजक भाग म्हणजे पडदा. खेळणाऱ्यांच्या याद्यांत तो बहुधा शेवटी येतो. आमच्या मते तो प्रथम ठरवावा. २४ इंची पडद्यावर १९२० बाय १०८० बिंदू असतील तर इंचाला सुमारे ९२ बिंदू पडतात. तेवढेच बिंदू २७ इंचांवर पसरले की ते सुमारे ८२ वर येतात, आणि मोठा पडदा घेऊन अक्षर मात्र भरड होते. रोमन लिपीला हे निभावून नेता येते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार अशी गर्दी असते. जोडाक्षरांचे तर बोलायलाच नको. 'द्ध' आणि 'ध्द' यांतला भेद मुद्रितशोधनाच्या चौथ्या तासाला डोळ्यांनी टिपायचा, तर २७ इंचांवर २५६० बाय १४४० बिंदू हवेत. म्हणजे इंचाला सुमारे १०९.

मात्र येथे काम आणि खेळ यांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध जातात. १४४० च्या पडद्यावर ग्राफिक्स कार्डाला १०८० च्या तुलनेत पावणेदोन पटींहून थोडे अधिक बिंदू रंगवावे लागतात. खेळ त्याच गतीने चालवायचा तर कार्ड महाग घ्यावे लागते, आणि पैसे तर ठरलेले. अशा वेळी आमचा कौल वाचनाच्या बाजूने आहे, आणि त्यामागे नैतिक कारण नाही. खेळ कमी बिंदूंवर रंगवून मोठा करून दाखवण्याची सोय आजच्या कार्डांत असते. धावत्या चित्रातली थोडी अस्पष्टता खपून जाते. स्थिर अक्षराला ही सवलत नाही. म्हणून पडदा वाचनासाठी निवडावा आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कार्ड खेळासाठी.

अलंकारप्रियतेचा सर्वाधिक फटका बसतो तो एसएमपीएसला. यंत्रातल्या प्रत्येक भागाला मिळणारी वीज त्यातून जाते. पण तो दिसत नाही, म्हणून रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर खर्च करून पैसे वाचवले जातात ते त्याच्यावर. कॅबिनेटबरोबर मिळणारा निनावी एसएमपीएस घेऊ नये. '८० प्लस' हा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढेच सांगतो. आतले भाग किती टिकतील किंवा बिघाडाच्या वेळी संरक्षण कसे मिळेल, हे तो सांगत नाही. करावे खाडीकाठी आहे. पावसाळ्यात हवा दमट आणि खारी असते, उन्हाळ्यात बंद खोलीचे तापमान प्रोसेसरचा कूलर खाली आणू शकत नाही. येथे पुढे काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा पुढे जाळी आणि काढून धुता येणारी गाळणी असलेले कॅबिनेट अधिक उचित. देशकालाचे औचित्य म्हणतात ते हेच.

सीवूड्सहून हार्बर मार्गाने कुर्ला, तेथून दादर, आणि मग पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, असा लॅमिंग्टन रोडचा रस्ता आहे. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचे अधिकृत नाव तेथे क्वचितच ऐकू येते. त्या बाजाराचे ज्ञान मोठे आहे, परंतु दुकानदाराच्या 'कॉम्बो'त त्याच्याकडचा न खपलेला मालही असू शकतो. यादी घरी बसून, प्रत्येक भागापुढे कारण लिहून करावी. ज्या भागापुढे कारण लिहिता येत नाही, तो वगळावा. आणि १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी बिलावर पाणी सोडू नये. हमीचा दावा करायची वेळ आली की तोच कागद कामी येतो.

येथवरची चर्चा निवडीचे स्वातंत्र्य आहे असे गृहीत धरून झाली. ते स्वातंत्र्यच आज आक्रसू लागले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि चालू स्थितीतली अनेक यंत्रे एका दिवसात 'जुनी' ठरली. त्याच सुमारास रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून स्मृतीच्या चिपांना प्रचंड मागणी आली. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' ही घरगुती ग्राहकांसाठीची नाममुद्रा आवरती घेण्याचे जाहीर केले. आम्हां नवी मुंबईकरांना हे दूरचे वाटू नये. ऐरोली, रबाळे, महापे येथे अशी डेटा सेंटरे आपल्या शेजारीच उभी आहेत. आपले लेखन, छायाचित्रे, पत्रव्यवहार भाड्याच्या यंत्रांवर जाणार आणि घरी राहणार फक्त एक पडदा, अशा व्यवस्थेकडे ही वाट जाते. आपल्या लेखनाचे यंत्र आपल्या मालकीचे असावे की नसावे, हा प्रश्न साहित्यिकांचा नाही असे कोणी म्हणू नये.

'मग तयार लॅपटॉप काय वाईट?' असे विचारले जाईल. प्रवासासाठी तो हवाच. पण अनेक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाख दिलेली असते. ते अखेरची प्रत छापून झालेले पुस्तक आहे. स्वतः जुळवलेल्या यंत्रात पुनर्लेखनाला जागा असते. आज रॅम महाग आहे, तर चार खाचांचा बोर्ड घेऊन १६ जीबीवर भागवावे आणि दोन खाचा रिकाम्या ठेवाव्यात. जुने कॅबिनेट, जुनी एसएसडी चालत असेल तर वापरावी. विंडोजचा परवाना परवडत नसेल तर लिनक्स घालावे. मराठी टंकलेखन त्यावर उत्तम होते, काही खेळ मात्र चालणार नाहीत.

महाविद्यालयांतल्या भाषाविभागांसाठी संगणक घेतले जातात, तेव्हा यादी कोण करते? बहुतेक ठिकाणी पुरवठादार. मराठीच्या प्राध्यापकाने त्या यादीत निदान पडद्याची ओळ स्वतः लिहावी, आणि ती का लिहिली हे विद्यार्थ्यांना सांगावे. औचित्यविचाराचा तो एक चांगला तास होईल.