सहा वर्षांच्या अलीकडचा हक्क

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण दिले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबाबत मात्र याच कायद्याचे अकरावे कलम एवढेच म्हणते की, सरकार मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करू शकेल. नाही केली, तर जाब विचारण्याची सोय नाही. १९९३च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्याच मुलांचा हक्क मानला होता. २००२च्या घटनादुरुस्तीने सहाच्या आतली मुले त्यातून वगळली. त्यांना कायद्याने परत आत घ्यायला हवे. सक्ती मात्र सरकारवर हवी, आईबापांवर नको. फ्रान्सने २०१९ पासून तीन वर्षांच्या मुलांनाही शिक्षण सक्तीचे केले, पण तिथली त्या वयाची बहुतेक सगळी मुले आधीच शाळेत जात होती. जिथे पाड्यावर वर्गच नाही, तिथे हजेरीची सक्ती केली तर मजुरीला जाणारी आईच गुन्हेगार ठरेल.

एवढ्या लहान वयातल्या शिक्षणाने खरोखर फरक पडतो का? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ पासून १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर झालेला पेरी बालवाडीचा प्रयोग इथे मोलाचा आहे. बालवाडीत गेलेल्या मुलांची बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांत ओसरली. पण चाळिशीपर्यंत माग ठेवल्यावर दिसले की, शालेय शिक्षण पूर्ण करण्यात आणि कमाईत ती पुढे होती आणि त्यांना अटकही कमी वेळा झाली होती. प्रयोग लहान होता हे खरे. शिवाय तिथे प्रशिक्षित शिक्षिका होत्या आणि एकेकीकडे मोजकीच मुले होती. म्हणूनच नुसती खोली आणि फळा पुरवून कायदा पाळल्याचे समाधान सरकारला मिळता कामा नये.

कोवळ्या मुलांच्या हाती पाटी-पेन्सिल देऊन त्यांचे बालपण हिरावू नका, हा आक्षेप मला मनापासून पटतो. पण तो पुस्तकी नर्सरीला लागू पडतो, बालवाडीला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला गाणी, गोष्टी, बिया-पाने आणि मातीकामातून आदिवासी मुलांना शिकवून दाखवले; मुले येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी वर्गच अंगणात नेला. ऐपत असलेल्यांची मुले आज नर्सरी, केजी करून पहिलीत येतात आणि बाकीची त्यांच्या शेजारी कोरी बसतात. ही दरी पुढे शिकवण्या लावून बुजत नाही.

अंगणवाड्या १९७५ पासून आहेतच, मग नवा कायदा कशाला, असेही विचारले जाते. पण आहार, वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी उरकून सेविकेने शिकवायचे कधी? अंगणवाड्या याच अकराव्या कलमाखालचे वैधानिक काम करतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सेविकांना ग्रॅच्युइटी देताना नमूद केले. तरीही त्यांच्या हाती पडते ते मानधनच. सेविकेला वेतन आणि शिकवण्यासाठी वेगळी प्रशिक्षित शिक्षिका, या दोन तरतुदी कायद्याच्या मजकुरातच असायला हव्यात. दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर सोडल्या, तर पहिली कात्री त्यांनाच लागेल.